हाताचा गुण

आमच्या लोणारांत एखाद्याचा पाय मुरगळला, कंबर धरली, उसण भरली किंवा एखाद्या पोराचा खांदा निखळला, म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा निघत नाहीं. 'कोणाच्या हाताला गुण आहे?' असा निघतो. मग कोणी चोळणाऱ्या म्हातारीचें नांव सांगतो, कोणी तालमींतल्या वस्तादाचें, कोणी शेजारच्या खेड्यांतल्या हाडवैद्याचें. उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळू माणसाचा पाय लावण्याची चाल तर तुम्हांपैकीं पुष्कळांनीं घरीं पाहिलीच असेल. पायाळू म्हणजे जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले तो. त्याच्या पायांत कांहीं निराळी शक्ति असते असें मानण्यास आधार नाहीं; परंतु आखडलेल्या पाठीवर हळूच दाब पडला असतां तिला बरें वाटतें, एवढें खरें निरीक्षण त्या समजुतीच्या पोटांत दडलेलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखांत हातांनीं करावयाच्या उपचारांचा, आपल्या हाडवैद्यकाचा आणि अमेरिकेंत ज्याला ऑस्टिओपॅथी म्हणतात त्या पद्धतीचा, थोडा विचार करावयाचा आहे. तो करण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील तर मी माझा उजवा हात पुढें करीन. त्याची करंगळी व अनामिका आज पुरतीं सरळ होत नाहींत. नमस्कारासाठीं हात जोडले तर दोन्ही तळव्यांच्या मध्यें एका बाजूस फट राहते. ती फट कशी पडली तें आधीं सांगतों.

मी तेव्हां सहावींत होतों. लोणारचें विवर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या प्रचंड परडीच्या कांठावरून खालीं सरोवराकडे जाणारी वाट काळ्या दगडांची आणि सुट्या मुरमाची आहे. त्या वाटेनें आम्ही चौघे मुलगे पैज लावून धांवत उतरत होतों. मी पडलों तो पुढें केलेल्या हातावर. कोंपराच्या किंचित् वर हाड मोडलें. वडिलांनीं मला त्याच दुपारीं एका हाडवैद्याकडे नेलें, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें मला आजहि वाटत नाहीं. कारण त्याच गृहस्थानें आदल्या वर्षीं माझ्या आत्याचा निखळलेला खांदा आमच्या ओसरीवर, आमच्या डोळ्यांदेखत बसवला होता. तिच्या काखेंत त्यानें कापडाची जाड गुंडाळी दिली, कपाशीच्या भावाच्या गोष्टी काढून तिला बोलतें ठेवलें, आणि बोलतां बोलतां तिचा हात इतक्या सावकाश ओढीत नेला कीं, खांदा 'खट्' करून जागीं बसला तेव्हां तिचें वाक्य अर्ध्यावरच होतें. ज्यानें असें करून दाखविलें त्याच्या हातावर विश्वास कां ठेवूं नये?

माझें हाडहि त्यानें हलक्या हातानें ओढून सरळ केलें. पुढें आंबेहळदीचा लेप, त्यावर कापड, त्यावर बांबूच्या चिपा आणि त्यावर सुतळी. बांधणें घट्ट असलें म्हणजे हाड हलत नाहीं, आणि आठ दिवस सोडूं नये, असें बजावून त्यानें आम्हांस पाठविलें. संध्याकाळीं हात इतका दुखूं लागला कीं मी ओरडत होतों. रात्रीं दुखणें उलट कमी झालें आणि सर्वांना वाटलें, गुण आला. माझी आजी मात्र उठून माझ्या उशाशीं आली, तिनें माझीं बोटें आपल्या गालाला लावून पाहिलीं आणि वडिलांना हांक मारली, "अरे, पोराची बोटं गार पडली. सोड ते फडकं!" वडील घुटमळले, वैद्यानें सोडूं नये म्हणून सांगितलें होतें. आजीनें वाद घातला नाहीं. शिवणाची कात्री घेऊन तिनें सुतळी कापली. पहांटे मला सरकारी रुग्णालयांत नेलें. तेथल्या शस्त्रवैद्यानें हाताच्या पुढल्या भागावर लांब छेद घेऊन आंतलें आवरण मोकळें केलें. तो वडिलांना म्हणाला कीं, संध्याकाळींच पट्टी सोडली असती तर बोटें पुरतीं वांचलीं असतीं, आणि सकाळपर्यंत ठेवली असती तर हात गेला असता.

त्यावेळीं काय घडलें तें आतां मला शरीरशास्त्राच्या भाषेंत सांगतां येतें. कोंपरापासून मनगटापर्यंतचे स्नायु एका चिवट आवरणांत कापूस अभ्र्यांत भरावा तसे भरलेले असतात. हाड मोडलें कीं आंत रक्त सांठतें, स्नायु सुजतात, पण अभ्रा ताणत नाहीं. त्यांत बाहेरून पट्टी आवळलेली असली तर आंतला दाब इतका वाढतो कीं बारीक रक्तवाहिन्या मिटून जातात. मनगटावरची मोठी नाडी कधीं कधीं तशांतहि लागते, म्हणून माणूस फसतो. सुमारें सहा तास अशी उपासमार झाली कीं स्नायु मरूं लागतात, पुढें त्यांच्या जागीं वण तयार होतो, आणि वण आखडला कीं बोटें वांकडीं होतात. रिखार्ड फोन फोल्कमान ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें १८८१ सालीं ह्या विकाराचें वर्णन केलें, म्हणून त्याला त्याचेंच नांव आहे. माझें दुखणें रात्रीं कमी झालें तें हात बरा होत होता म्हणून नव्हे, तर मज्जातंतु बधिर झाले होते म्हणून. पालकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक होईल: बांधलेल्या हातापायाचें दुखणें वाढत चाललें, बोटें सरळ करून पाहतां मूल किंचाळलें, किंवा बोटें गार, पांढरीं अथवा बधिर झालीं, तर पट्टी कोणीहि बांधलेली असो, ती सोडावी आणि त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. सकाळची वाट पाहूं नये.

मोठेपणीं सुश्रुतसंहिता वाचतांना मला विस्मय वाटला तो ह्यामुळें कीं, ही गोष्ट त्या ग्रंथांत स्पष्ट लिहिलेली आहे. चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय सगळा मोडलेल्या हाडांवर आहे. पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाहीं, आणि फार घट्ट असेल तर सूज येते, वेदना होतात, कातडी पिकते. म्हणून बांधणें मध्यम असावें, असें सुश्रुत सांगतो. पट्टी किती दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावी ह्याचाहि त्याचा हिशेब आहे: थंडीच्या दिवसांत सात दिवसांनीं, साधारण ऋतूंत पांच दिवसांनीं, आणि उन्हाळ्यांत तीनच दिवसांनीं. उन्हाळ्यांत जखम लवकर चिघळते हें त्याला ठाऊक होतें. चिपांसाठीं तो मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादि झाडांच्या साली आणि बांबू सुचवितो. म्हणजे आमच्या हाडवैद्याच्या बांबूची परंपरा कांहीं कालची नव्हे. खालीं दबलेलें हाड वर उचलावें, वर आलेलें दाबावें, एकावर एक चढलेलें ओढून सोडवावें, हा त्याच्या हस्तक्रियेचा सारांश. खांदा निखळला तर काखेंत मुसळ देऊन तो वर उचलावा, असेंहि तेथें आहे, आणि माझ्या आत्याच्या काखेंतली ती कापडाची गुंडाळी त्या मुसळाचीच नात म्हणावयास हरकत नाहीं. लहान वयांत हाड महिन्यांत सांधतें, मध्यम वयांत दोन महिने आणि म्हातारपणीं तीन महिने लागतात, हा त्याचा अंदाज आजच्या शस्त्रवैद्यालाहि फारसा खोडून काढावा लागणार नाहीं. आणि हाड नीट जुळलें हें ओळखावें कसें? अवयव आखूड नाहीं, वांकडा नाहीं, उंचवटा राहिला नाहीं, आणि हालचाल सुखानें होते, म्हणजे जुळलें. क्ष-किरणांच्या आधीं ह्याहून चांगली कसोटी कोणती सांगतां आली असती?

मग हें ज्ञान आमच्या खेड्यांतल्या वैद्यापर्यंत पोंचतां पोंचतां त्यांतलें 'मध्यम बांधावें' एवढेंच कां गळालें? माझा तर्क असा आहे कीं, हातांतलें कसब बापाकडून मुलाकडे सहज जातें, कारण तें पाहून शिकतां येतें; पण काय करूं नये हें पाहून शिकतां येत नाहीं. त्याला पोथी लागते, आणि ज्यांच्या हातीं कसब होतें त्यांच्या हातीं पोथी क्वचितच गेली.

कसब व अभ्यास एके ठिकाणीं आल्याचीं उदाहरणें मराठी मुलखांत नाहींत असें नाहीं. तीं बहुधा तालमींत सांपडतात. कुस्तींत हाडें निखळावयाचींच, त्यामुळें वस्तादाला तीं बसवितां यावीं लागतात. आणि मालीश तर तालमीचा नित्याचा पाठच. बडोद्यास जुम्मादादा हे शस्त्रविद्येचे व मल्लविद्येचे मोठे गुरु होऊन गेले. त्यांचे पट्टशिष्य प्रो. माणिकराव ह्यांनीं गुरूच्या नांवानें व्यायाममंदिर चालविलें, आणि ते व्यायामविशारद म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाडवैद्य म्हणूनहि होते. मुसलमान गुरूची विद्या हिंदु शिष्यानें वाढवावी आणि गुरूचें नांव दारावर लिहावें, हें मला त्या विद्येइतकेंच शोभिवंत वाटतें. त्याच बडोद्यांत पुढें मराठींत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश निघाला. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याचें पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायाम दाखवून आलें. तालीम म्हणजे अडाण्यांचा उद्योग, असें मानणाऱ्यांनीं ह्या संस्थांचा इतिहास पाहावा.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल ह्याचा जन्म १८२८ सालीं अमेरिकेंतल्या व्हर्जिनिया प्रांतांत झाला. बाप मेथडिस्ट पंथाचा उपदेशक असून वैद्यकीहि करीत असे, आणि मुलगा बापाच्या हाताखालीं वैद्यकी शिकला. त्याच्या लहानपणची एक आठवण त्यानें लिहून ठेवली आहे. दहा वर्षांचा असतांना डोकें फार दुखूं लागलें, म्हणून त्यानें दोन झाडांमध्यें बांधलेला झोंपाळ्याचा दोर जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, त्यावर घोंगडी टाकली आणि मान दोरावर टेंकून तो निजला. उठला तों डोकें उतरलें होतें. पुढें कित्येक वर्षें डोकें दुखलें कीं तो हाच उपाय करी. पण त्याची खरी शाळा दुःखाची होती. १८६४ सालीं मेंदूच्या आवरणाच्या दाहानें त्याच्या घरांतलीं तीन मुलें दगावलीं. वैद्य आले, औषधें झालीं, उपयोग झाला नाहीं. त्या काळच्या औषधांत पारा, अफू आणि दारू ह्यांचा सुळसुळाट होता, आणि आज आपण जाणतों कीं त्यांतलीं पुष्कळ औषधें रोगाइतकीच घातक होतीं. स्टिलचा औषधांवरचा विश्वास उडाला. तो हाडें घेऊन बसला. अखेर २२ जून १८७४ ह्या दिवशीं आपल्याला नवें तत्त्व सांपडलें असें त्यानें मानलें. लोक त्याला प्रथम फिरता हाडवैद्यच समजत, आणि तोहि विजेच्या वेगानें हाडें बसविणारा म्हणून आपली जाहिरात करी. १८९२ सालीं मिसूरी प्रांतांतल्या कर्क्सव्हिल गांवीं त्यानें शाळा काढली. पहिल्याच वर्गांत स्त्रियांनाहि प्रवेश होता; त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. १९१७ सालीं तो वारला.

ऑस्टिओपॅथी हें नांव ग्रीक आहे. त्यांतला 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड, आणि हा शब्द आपल्या संस्कृत 'अस्थि'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत घेतलेल्या मुलांना हें नातें आवडेल. स्टिलचें म्हणणें थोडक्यांत असें: शरीर हें एक आहे, त्याचे भाग सुटेसुटे नाहींत, शरीराच्या अंगीं स्वतःला सुधारण्याची शक्ति आहे, रचना बिघडली कीं कार्य बिघडतें, म्हणून हातांनीं रचना ठीक करावी, उरलेलें काम निसर्ग करील. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाहीं. तिसरी अर्धी खरी आहे. चौथीच्या बाबतींत स्टिलनें फारच मोठी झेंप घेतली; प्रत्येक रोगाचें मूळ पाठीच्या कण्यांत शोधूं लागल्यावर जंतूंनीं होणाऱ्या रोगांचें काय, ह्याचें उत्तर त्याच्याजवळ नव्हतें. अमेरिकेंतल्या त्याच्या अनुयायांनीं पुढें औषधें आणि शस्त्रक्रिया दोन्ही स्वीकारलीं. आज तेथें ऑस्टिओपॅथीचा पदवीधर हा संपूर्ण अर्थानें डॉक्टर असतो, आणि हातांचा उपचार हा त्याच्या विद्येचा केवळ एक भाग असतो. इतर पुष्कळ देशांत मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे हातांनींच उपचार करणारा, एवढाच अर्थ उरला आहे.

हे उपचार असतात तरी कसे? सर्वांत साधा म्हणजे स्नायूंचें मर्दन. तें सांगावयास नको. आमच्या घरांत दिवाळीच्या पहांटे तें सर्वांच्या वांट्यास येतें. दुसरा, सांधा त्याच्या चालीच्या हद्दीपर्यंत पुनःपुन्हां सावकाश हलविणें. तिसरा प्रकार मला विशेष चतुराईचा वाटतो, कारण त्यांत रोग्याचीच शक्ति वापरतात. मान डावीकडे वळत नसेल तर वळेल तेथपर्यंत वळवून धरावयाची, आणि रोग्यानें ती हलकेच उजवीकडे ढकलावयाची. वैद्यानें हात न हलवितां तिला अडवावयाचें. तीन ते पांच सेकंद असें झालें कीं सैल सोडावयाचें. आखडलेला स्नायु ह्या श्रमानंतर थोडा ढिला पडतो आणि मान पूर्वीपेक्षां जरा अधिक वळते. फ्रेड मिचेल ह्या अमेरिकन ऑस्टिओपॅथनें ही रीत नांवारूपास आणली.

चौथ्या प्रकाराची कथा अशी. १९५५ सालीं लॉरेन्स जोन्स नांवाच्या वैद्याकडे कंबरेचा एक रोगी येत असे. कांहीं केल्या त्याला बरें वाटेना, रात्रीं झोंप लागेना. निदान झोंपेची सोय व्हावी म्हणून जोन्सनें त्याचें अंग निरनिराळ्या प्रकारें वळवून, उशा लावून, ज्या स्थितींत अजिबात दुखत नाहीं अशी एक स्थिति शोधून काढली आणि त्याला तसाच ठेवून तो दुसऱ्या कामास गेला. परत येऊन रोग्याला उठविलें तों रोगी ताठ उभा! मग जोन्सनें त्यावरून पद्धत बसविली: दुखरा बिंदु शोधावा, तो दुखेनासा होईल अशा रीतीनें अंग दुमडावें, सुमारें नव्वद सेकंद थांबावें, आणि अगदीं सावकाश सरळ करावें. ओढून ताणून दुखणें काढावयाचें, ह्या आपल्या कल्पनेच्या हें अगदीं उलट आहे.

राहिला तो झटक्याचा प्रकार. सांधा हद्दीपर्यंत नेऊन तेथें अगदीं थोडा पण जलद धक्का द्यावयाचा. 'कट्' असा आवाज होतो. लोकांना वाटतें हाड जागेवर बसलें. तसें कांहीं होत नाहीं. सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम विलग झाले कीं त्या द्रवांत वायूची पोकळी तयार होते. २०१५ सालीं कॅनडांतल्या संशोधकांनीं चुंबकीय चित्रणाच्या यंत्रांत बोटें मोडवून हें प्रत्यक्ष पाहिलें. बोटें मोडल्यानें संधिवात होतो, अशी भीति घरोघरीं घालतात. डोनाल्ड अंगर ह्या अमेरिकन डॉक्टरानें पन्नास वर्षें एकाच हाताचीं बोटें रोज मोडलीं, दुसऱ्याचीं मोडलीं नाहींत, आणि १९९८ सालीं जाहीर केलें कीं दोन्ही हात सारखेच आहेत. एका माणसावरून शास्त्र ठरत नाहीं, हें खरें. शिवाय वर्गांत बोटें मोडण्यास ही माझी परवानगी नव्हे.

कवटीचीं हाडें बोटांनीं हळुवार धरून आंतला प्रवाह सुधारावा, असाहि एक पंथ विल्यम सदरलँड ह्यानें काढला. मोठ्या माणसाचीं कवटीचीं हाडें त्याच्या म्हणण्याप्रमाणें बोटांनीं हलत नाहींत, आणि त्या पंथाचे दावे कसोटीस उतरलेले नाहींत. एकंदर पाहतां, रेंगाळलेल्या कंबरदुखींत हातांच्या उपचारानें कांहीं आठवडे बेताचा आराम पडतो, ह्याला पुरावा आहे. मानदुखींतहि थोडाबहुत आहे. दमा, कानाचे विकार, पोटाचे रोग ह्यांवर तसा भरंवशाचा पुरावा नाहीं. कंबरदुखीच्या रोग्याला सगळेच जाणते डॉक्टर आज जें सांगतात तें अधिक महत्त्वाचें आहे: अंथरुणाला खिळूं नका, चालत राहा. आमच्याकडे 'मणका सरकला', 'नस चढली' असें म्हणतात. पाठीच्या बहुतेक दुखण्यांत कांहींच सरकलेलें नसतें. स्नायु आणि मज्जातंतु जागे होऊन ओरडत असतात. ओळखीचा, उबदार, न घाईचा हात त्यांना शांत करतो. आजीच्या हाताला गुण असतो तो ह्यामुळेंच, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं.

परंतु कोणत्या दुखण्याला हात लावूं नये, हें ज्याला कळत नाहीं त्याचा हात, कितीहि गुणाचा असो, शस्त्रासारखा समजावा. केशकर्तनालयांत डोक्याची चंपी झाल्यावर कारागीर हनुवटी धरून मान एकदम मोडतो, आणि बहुतेकांना तें आवडतें. मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी मानेच्या मणक्यांच्या बाजूंस असलेल्या छिद्रांतून वर जातात. झटक्यानें त्यांपैकीं एखादीचें अस्तर फाटलें तर तेथें गुठळी होते आणि अर्धांगाचा झटका येतो. असें क्वचित् घडतें. पण ज्याच्या घरीं घडतें त्याला 'क्वचित्' ह्या शब्दाचें समाधान काय? "मान सोडून बाकी चंपी करा," एवढें सांगण्यास पैसे पडत नाहींत. तसेंच, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळूं नये. आंत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसांत जाते. पाठदुखीबरोबर बारीक ताप, रात्रींचा घाम आणि वजन घटणें असेल तर मणक्याचा क्षय असूं शकतो. तेथें चोळणाऱ्याचें काम नाहीं. म्हाताऱ्या माणसाचीं ठिसूळ हाडें, पडल्यानंतरचें नवें दुखणें, पायांत आलेली बधिरता, लघवी अडणें, ह्यांतहि आधीं डॉक्टर.

तान्ह्या बाळाच्या मालिशीची गोष्ट निराळी. न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईचे लांब केलेले पाय, त्यांवर उताणें घातलेलें बाळ आणि तेलाची वाटी, हें दृश्य कोणत्या मराठी घरांत दिसलें नाहीं? मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनीं ह्याची रीतसर परीक्षा केली, आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकीं खोबरेल तेलानें चोळलेल्यांचें वजन खनिज तेलानें चोळलेल्यांपेक्षां अधिक वेगानें वाढलेलें आढळलें. मात्र बाळाचें डोकें दाबून 'आकार देणें', नाकांत कानांत तेल घालणें, आणि पाय उलटे धरून झुलविणें, हे प्रकार त्या अभ्यासांत नव्हते व घरींहि नसावेत.

सुश्रुताच्या अध्यायांत हाड जुळल्यानंतरच्या व्यायामाचा एक भाग आहे. त्याचें शास्त्रीय शिक्षण आपल्या देशांत फार उशिरा सुरू झालें. पोलिओनें पांगळ्या झालेल्या मुलांची संख्या वाढल्यावर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५२ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें, देशांतली पहिली भौतिकोपचाराची शाळा निघाली. माझ्या हाताच्या वेळीं आमच्या भागांत तसा शिकलेला कोणी नव्हता. ज्या डॉक्टरानें छेद घेतला त्यानेंच जातांना वडिलांना सांगितलें, कुंभाराकडून मळलेली माती आणा आणि मुलाला दिवसांतून चार वेळां मुठींत दाबूं द्या. पहिले पंधरा दिवस मातीवर माझ्या बोटांचा ठसाहि उमटत नसे. वडील संध्याकाळीं शेतांतून येऊन आधीं गोळा पाहत, मग हातपाय धूत. एके दिवशीं तीन बोटांचा ठसा उमटला. त्यांनीं तो गोळा वाळवून कोनाड्यांत ठेवला. दोन महिन्यांनीं ते विवराच्या कांठावरून पेरूएवढा एक गुळगुळीत काळा दगड घेऊन आले आणि म्हणाले, आतां हा धर. (आतां तें सर्व अभयारण्य आहे, तेथून कोणी दगड उचलूं नये.) दगड पहिल्या दिवशीं चार वेळां माझ्या पायावर पडला.

पुढें कित्येक वर्षांनीं सुश्रुताचा तो अध्याय वाचतांना मी थबकलों. हाताचा तळवा मोडला असतां आधीं मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातांत बळ आल्यावर दगड, असा क्रम तेथें दिलेला आहे. डॉक्टरानें माती सांगितली, वडिलांनीं आपल्या बुद्धीनें दगड आणला. मधली पायरी मात्र आमची चुकली. ज्या गांवाच्या नांवांतच लवण आहे, जेथला देव लवणासुराला मारणारा दैत्यसूदन आहे, जेथल्या सरोवरांतला खार काढून पूर्वीं साबण व कांच करीत, त्या लोणारांत माझ्या हातीं मिठाचा खडा देण्याचें कोणाला सुचलें नाहीं! अर्थात् सुश्रुताचें मीठ आमच्या सरोवरांतलें नव्हे. आमच्या खारांत सोडाच फार. ओल्या हातांत धरला तर कातडी चुरचुरेल. त्याला अभिप्रेत असावें तें सैंधव. मातीसारखें तें दबत नाहीं, आणि दगडासारखें जड किंवा निसरडें नसतें, म्हणून त्याला मधली जागा मिळाली असावी, असा माझा तर्क. आणखी एक गंमत अशी कीं, हाड मोडलेल्या माणसानें मीठ व खार खाऊं नये असेंहि तोच अध्याय सांगतो. म्हणजे मीठ पथ्यांत वर्ज्य, मुठींत ग्राह्य.

तो हाडवैद्य मला एकदां पुन्हां भेटला. मी शिक्षक होऊन सुटींत घरीं आलों होतों. तो पुष्कळ म्हातारा झाला होता. नातवाला शाळेंत घालण्याबद्दल विचारावयास आला होता. बोलतां बोलतां त्यानें माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कोंपरापासून बोटांपर्यंत चाचपला, दोन वांकडीं बोटें हळूच सरळ करून पाहिलीं. हाड त्यानें चांगलें जुळविलें होतें. तेथें गांठहि लागत नाहीं. थोडा वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "मास्तर, पट्टी घट्ट झाली व्हती का?"

मी हो म्हटलें.

"किती घट्ट झाली ते समजावं कसं?"

मी त्याला माझ्या अंगठ्याचें नख दाबून दाखविलें. दाबलें कीं नख पांढरें होतें. सोडलें कीं दोन सेकंदांत पुन्हां तांबूस झालें पाहिजे. त्याहून उशीर लागला तर पट्टी सैल करावयाची. नख तांबूस झालें तरी दुखणें वाढत असेल तर नखावरहि विसंबावयाचें नाहीं, पट्टी सोडून रोग्याला रुग्णालयांत धाडावयाचें. त्यानें माझें बोट धरून नख दाबलें, सोडलें, आणि 'एक, दोन' असें मोजलें. मग नातवाला जवळ बोलावून त्याचें नख दाबलें. मग स्वतःचें. दिवेलागण होईपर्यंत तो तेथेंच ओसरीवर बसून आळीपाळीनें आम्हां तिघांचीं नखें दाबून पाहत होता.